प्रपोजल फॉर्ममधली मावशी

कराडला मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही पॉलिसीचा बाँड उघडून बसलो होतो. जाडजूड पुडकं होतं आणि त्याचं पाकीट तिने आजवर फोडलंही नव्हतं. शेवटी-शेवटी प्रपोजल फॉर्मची झेरॉक्स लागली. व्यवसाय: स्वतःचा बिझनेस. वार्षिक उत्पन्न: ८ लाख रुपये. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, पेन्शन महिन्याला २३ हजार. तिने चष्मा पुसला, ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, "ही कोण बाई?"

फसवून गळ्यात मारलेल्या पॉलिसीची तक्रार कशी करायची, हे मी त्या दिवसापासून शिकत गेलो. मावशीच्या पाठोपाठ ओळखीपाळखीतल्या आणखी काहींचे कागद माझ्याकडे आले. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं: "सही तर आपणच केलीय, आता काय होणार?" पुष्कळ काही होऊ शकतं. ज्या कागदांनी तुम्हाला बांधलं, त्याच कागदांत तुमच्या बाजूचा पुरावा असतो. तो शोधायचा कसा आणि कुणापुढे ठेवायचा कसा, हे इथे सावकाश सांगतो.

आधी घडलं काय ते. जून २०२४मध्ये मावशीची ५ लाखांची एफडी पिकली. ती रिन्यू करायला ती नेहमीच्या शाखेत गेली. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, चार लाखांची एफडी करू आणि एक लाख या दुसऱ्या स्कीममध्ये टाकू. व्याज जास्त आहे, शिवाय इन्कम मिळत राहील." बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा प्रकार कुठल्या एका बँकेचा नाही. मावशीने दाखवलं तिथे सह्या केल्या, फोनवर आलेला ओटीपी सांगितला. वर्षभराने मेसेज आला की एक लाखाचा दुसरा हप्ता भरायची तारीख जवळ आली आहे. बहुतेकांना आपण एफडी नव्हे, पॉलिसी घेतली आहे हे असंच, दुसऱ्या हप्त्याच्या मेसेजवरून कळतं.

ती होती हमखास उत्पन्नाची विमा पॉलिसी. दहा वर्षं दरवर्षी एक लाख भरायचे, बारावं वर्ष संपलं की उत्पन्न सुरू. पॉलिसी घेताना मावशी ६५ वर्षांची होती. म्हणजे तिचं "इन्कम" सुरू होणार होतं वयाच्या ७७व्या वर्षी.

अशा वेळी पहिला हिशेब तारखांचा. पॉलिसीचा कागद तुमच्या हातात, किंवा ईमेलवर, कधी पडला? त्या दिवसापासून ३० दिवस फ्री-लूकचे असतात. या मुदतीत "मला ही पॉलिसी नको" एवढं लेखी कळवलं तरी कंपनीला पैसे परत करावे लागतात. जितके दिवस विम्याचं संरक्षण होतं तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च एवढंच कापलं जातं. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी, असेल तर युनिटचा भाव वरखाली झाल्याचा फरक पडतो. पूर्वी साधारणपणे ही मुदत १५ दिवसांची होती. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २०२४च्या नियमांनी ती सरसकट ३० दिवसांची झाली. फसवणूक झाली का, कुणी काय सांगितलं, हे सिद्ध करत बसायची इथे गरजच नसते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावाने जाड पाकीट आलं तर ते त्याच दिवशी फोडा. अर्ज शाखेत नेऊन दिलात तर झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि तोच मजकूर कंपनीला ईमेलही करा. "देऊन टाका, मी बघतो" असं शाखेतला माणूस म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. तीस दिवस उलटेपर्यंत अर्ज टेबलावर पडून राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मावशीचे ३० दिवस केव्हाच उलटले होते. तिथून पुढची वाट लांब आहे, पण बंद नाही.

त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी एक भेद मनाशी पक्का करावा लागतो. परतावा कमी मिळतो, ही तक्रार होत नाही. शेजाऱ्याने घेतलेली पॉलिसी आपल्यापेक्षा बरी निघाली, हीही नाही. विम्याच्या योजना महाग असू शकतात, कंटाळवाण्या असू शकतात. तेवढ्याने त्या फसवून विकल्या असं ठरत नाही. तक्रार उभी राहते ती दोन गोष्टींवर. एक, सांगितलं एक आणि दिलं दुसरं: एफडी म्हणून पॉलिसी, एकदाच भरायचे सांगून दहा हप्ते, पाच वर्षं सांगून वीस वर्षं. दोन, फॉर्ममध्ये लिहिलेलं आणि प्रत्यक्ष यांचा मेळ नाही. विमा लोकपालांकडे कोणत्या तक्रारी करता येतात याची यादी २०१७च्या विमा लोकपाल नियमांत आहे. पॉलिसीच्या अटी-शर्तींची चुकीची माहिती देणं आणि प्रस्तावाशी न जुळणारी पॉलिसी देणं, हे दोन्ही तिथे स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे.

पहिली गोष्ट सिद्ध करणं अवघड. टेबलापलीकडचा माणूस काय बोलला याची नोंद कुणाकडे नसते आणि तो माणूस बहुधा एव्हाना दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत गेलेला असतो. दुसरी गोष्ट मात्र कागदावर असते. म्हणून माझा सगळा भर प्रपोजल फॉर्मवर. त्याची प्रत पॉलिसीच्या बाँडसोबत असायला हवी. नसेल तर पहिलं पत्र तीच मागण्यासाठी लिहा.

तो फॉर्म पेन्सिल घेऊन वाचायचा. मावशीच्या फॉर्ममध्ये काय काय सापडलं ते सांगतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. व्यवसाय आणि उत्पन्न खोटं होतं. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण खरं पेन्शन लिहिलं तर वर्षाला एक लाखाचा हप्ता तिच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरतो, आणि मग कंपनीतलं कुणीतरी विचारेल की ही बाई दहा वर्षं भरणार कशी. ईमेलच्या रकान्यात तिचं नाव आणि आकडे जोडून केलेला एक पत्ता होता. मावशीने आयुष्यात ईमेल उघडलेला नाही. कंपनी पुढे म्हणणार होती की पॉलिसी आम्ही ईमेलवरही पाठवली. ती त्या पत्त्यावर गेली होती. नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव बरोबर होतं, जन्मतारीख चुकीची. विम्याची गरज काय, या प्रश्नापुढे "निवृत्तीनंतरचं उत्पन्न" असं लिहिलं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झालेल्या बाईच्या फॉर्ममध्ये.

आणि सगळ्यात मोलाचा रकाना होता तळाशी, बारीक अक्षरातला. अर्जदाराने मराठीत किंवा इतर भारतीय भाषेत सही केली, किंवा अंगठा उठवला, की तिथे एक घोषणापत्र भरायचं असतं: "फॉर्ममधला मजकूर मी अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि तो त्याला समजला." मावशीची सही मराठीत आहे, वळणदार, फळ्यावरच्या अक्षरासारखी. फॉर्म सगळा इंग्रजीत. घोषणापत्राची जागा कोरी. समजावून सांगितल्याचं लिहून द्यायलाही कुणी थांबलं नव्हतं. काहींच्या फॉर्ममध्ये ही जागा भरलेली असते आणि सही असते पॉलिसी विकणाऱ्याचीच. तेही टिपून ठेवण्यासारखं.

मग लाभाचा तक्ता बघा, ज्यात दरवर्षीचा हप्ता आणि दरवर्षीची मिळकत ओळीने मांडलेली असते. बोनसच्या पॉलिसीत हे आकडे ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन परतावे गृहीत धरून दिलेले असतात. ती फक्त गृहीतकं असतात, वचन नसतं. विकताना नेमका ८ टक्क्यांचा रकाना बोटाने दाखवला जातो. या पानावर तुमची सही आहे का, आणि ती तुमच्याच हातची आहे का, ते पाहा. कोऱ्या फॉर्मवर घेतलेल्या सह्यांची गत काय होते हे इथे उघड होतं. आणखी एक: विमा नेमका कुणाच्या जिवाचा उतरवला आहे? आजीचं वय योजनेत बसत नाही म्हणून मुलाच्या किंवा नातवाच्या नावाने विमा आणि हप्ते मात्र आजीच्या खात्यातून, असंही होतं. आजीला ते ठाऊकही नसतं.

शेवटचा कागद दिसत नाही, ऐकू येतो. पॉलिसी देण्याआधी कंपनी खात्री करण्यासाठी फोन करते. "दहा वर्षं हप्ते भरायचे आहेत, हे माहीत आहे ना? ही एफडी नाही, हे समजलं ना?" हा फोन रेकॉर्ड होतो आणि तक्रार आली की कंपनी तोच पुढे करते. मावशीला शाखेतल्या माणसाने सांगून ठेवलं होतं की एक फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पैसे अडकतील. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर तक्रारीत लिहा, आणि त्या रेकॉर्डिंगची प्रत मागा. भाषा कुठली होती, प्रश्न किती भरभर विचारले, ज्येष्ठ माणूस मध्येच "काय म्हणालात?" असं विचारतोय का, हे सगळं त्यात सापडतं. कधी रेकॉर्डिंगमधला आवाजच भलत्याचा निघतो.

हे सगळं हातात आलं की तक्रार लिहायला बसा. रागाच्या भरात लिहिलेली चार पानं कुणी वाचत नाही. मावशीने पहिल्यांदा जे लिहिलं त्यात "माझ्या कष्टाचे पैसे" हे शब्द पाच वेळा होते आणि पॉलिसी क्रमांक एकदाही नव्हता. तिच्या रागाला कारण होतं. पण टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला हवं होतं ते वेगळंच. मग आम्ही दोघांनी मिळून एका पानात बसवलं. त्याचा गाभा असा होता:

"१४ जून २०२४ रोजी माझी ५ लाखांची एफडी मुदतपूर्ण झाली. ती नूतनीकरण करण्यासाठी मी शाखेत गेले असता, जास्त व्याजाची योजना असं सांगून त्यातले १ लाख रुपये वेगळे घेतले गेले. दरवर्षी हप्ता भरावा लागेल असं मला सांगितलं नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये माझा व्यवसाय 'बिझनेस' व उत्पन्न ८ लाख लिहिलं आहे. मी निवृत्त शिक्षिका असून माझं पेन्शन वर्षाला २ लाख ७६ हजार आहे. फॉर्मवरचा ईमेल माझा नाही. फॉर्म इंग्रजीत असून माझी सही मराठीत आहे आणि समजावून सांगितल्याचं घोषणापत्र कोरं आहे. ही पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून माझे १ लाख रुपये परत करावेत."

सोबत पेन्शनच्या पासबुकाची झेरॉक्स, निवृत्तीच्या आदेशाची प्रत, एफडीची जुनी पावती, आणि प्रपोजल फॉर्मवर लाल पेनने गोल केलेल्या चार जागा. प्रत्येक वाक्यामागे एक कागद. मागणी एकच आणि आकड्यात. "योग्य तो न्याय मिळावा" असं लिहिलंत तर योग्य काय ते कंपनी ठरवते.

ही तक्रार आधी जाते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीच्या बाँडमध्येच छापलेला असतो. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. एक प्रत बँकेच्या शाखेलाही द्या, कारण पॉलिसी विकली बँकेने. कायद्याच्या भाषेत ती कंपनीची कॉर्पोरेट एजंट. त्याच वेळी आयआरडीएआयच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या मोफत क्रमांकावर फोन करून नोंदवून घ्या. हे पोर्टल निवाडा देत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. ते तुमची तक्रार कंपनीकडे धाडतं, तिला क्रमांक देतं आणि कंपनी काय करते यावर लक्ष ठेवतं. पण नियामकाच्या यादीत नाव चढलेली तक्रार कंपनी जरा वेगळ्या नजरेने बघते.

दरम्यान दुसऱ्या हप्त्याचं काय? खात्यातून हप्ता आपोआप वळता होत असेल तर ती परवानगी बँकेत लेखी अर्ज देऊन आधी थांबवा. तक्रार करायची आणि दुसरा हप्ताही भरायचा, हे माझ्या मते चूक. उद्या कंपनी म्हणेल की पॉलिसी मान्य होती म्हणूनच भरला. आणखी एका गोष्टीपासून मी लोकांना नेहमी अडवतो: घाईने पॉलिसी सरेंडर करणं. सरेंडर म्हणजे पॉलिसी मान्य करून ती मध्येच सोडणं. मिळेल ते घेऊन गप्प बसण्यासारखं आहे ते. १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या नियमांनी पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही सरेंडर मूल्य मिळू लागलं आहे, आणि ज्याला तक्रारीसाठी काही आधारच नाही त्याला त्याचा उपयोगही आहे. मावशीची पॉलिसी त्याआधीची होती. एका हप्त्यावर तिला सरेंडरमध्ये एक रुपयाही मिळणार नव्हता. युलिपला तर पाच वर्षांचा लॉक-इन असतो, हप्ते थांबवले तरी पैसे तोवर आत राहतात.

या वाट बघण्याच्या दिवसांत अनोळखी फोन येऊ लागतात. "आयआरडीएमधून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, प्रोसेसिंग फी भरा, सोडवून देतो." आयआरडीएआय कुणालाही असा फोन करत नाही, पॉलिसी विकत नाही आणि बोनस वाटत नाही. एकदा फसलेल्यांनाच हे लोक पुन्हा गाठतात. मावशीला असा फोन आला तेव्हा त्या माणसाला तिचा पॉलिसी क्रमांक ठाऊक होता. ती चांगलीच घाबरली होती.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते अपेक्षित होतं तसंच: फॉर्मवर सही आपली आहे, खात्रीच्या फोनवर आपण होकार दिला आहे, फ्री-लूकच्या मुदतीत आपण पॉलिसी रद्द केली नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. खोट्या उत्पन्नाबद्दल एक अक्षर नव्हतं. पुष्कळ लोक इथे थांबतात, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं. कारण हे पत्र म्हणजे शेवट नाही. पुढच्या दाराची ती चिठ्ठी आहे. तिच्यावाचून, किंवा महिनाभर उत्तरच न आल्यावाचून, लोकपालांकडे जाता येत नाही.

लोकपालांकडे वळण्याआधी कर्जाबरोबर दिल्या जाणाऱ्या विम्याविषयी सांगतो, कारण त्याचीही विचारणा फार होते. घरकर्ज मंजूर होताना "विमा घ्यावाच लागेल" म्हणून एकरकमी हप्त्याची पॉलिसी कर्जातच मिसळली जाते. हप्ता वेगळा द्यावा लागत नाही, म्हणून जाणवत नाही. समजा तो हप्ता १ लाख २० हजारांचा आहे आणि कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांचं. मग त्या विम्यापोटी ईएमआयमध्ये महिन्याला सुमारे १,०८० रुपये वाढतात आणि वीस वर्षांत जवळपास २ लाख ५९ हजार भरले जातात. कर्ज असताना विमा असणं शहाणपणाचंच आहे. पण तो याच कंपनीचा आणि याच पद्धतीने घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. नोकरी गेली तर ईएमआय भरू असं सांगून जोडलेलं संरक्षण असेल तर त्याच्या अटी नीट वाचा. बहुतेकदा ते मोजकेच हप्ते भरतं, आणि राजीनामा दिला किंवा काम समाधानकारक नाही म्हणून काढलं तर काहीच देत नाही. कर्जाला जोडलेल्या या पॉलिसी सहसा गटविम्याच्या असतात, मुख्य पॉलिसी बँकेच्या नावाने आणि तुमच्या हातात फक्त प्रमाणपत्र. तरी तक्रारीचा हक्क तुम्हाला आहे. लोकपालांच्या नियमांत गटविमाही येतो. ब्रिटनमध्ये कर्जाला जोडून असाच विमा वर्षानुवर्षं विकला गेला. लोकांनी एकेक करून तक्रारी केल्या, आणि तिथल्या बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली. तक्रारीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ला संपेपर्यंत लोक अर्ज भरत होते.

बँकेच्या वागण्याबद्दलची तक्रार, म्हणजे सक्ती, एफडीऐवजी पॉलिसी, न विचारता खात्यातून हप्ता, ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडेही जाते. आधी बँकेला लेखी कळवायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर नोंदवायचं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकांनी विकलेल्या विम्याबद्दलच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या बँकिंग लोकपालांच्या कक्षेत १ जुलै २०१७पासून आल्या. पण पैसे विमा कंपनीकडे असतात, म्हणून पॉलिसी रद्द करून घ्यायची तर खरा दरवाजा विमा लोकपालांचा.

विमा लोकपाल ही व्यवस्था १९९८पासून आहे आणि आजही कित्येकांना ती ठाऊक नाही. महाराष्ट्रात मुंबईला, ठाण्याला आणि पुण्याला लोकपालांची कार्यालयं आहेत. गोव्याच्या तक्रारी मुंबईकडे जातात, साताऱ्याच्या, म्हणजे कराडच्याही, पुण्याकडे. फी नाही. वकील लागत नाही, इतकंच नाही तर वकील किंवा एजंटाला तुमच्या वतीने उभं राहता येत नाही. पॉलिसीधारकाने स्वतः बोलायचं. मावशीला याचीच सर्वांत धास्ती वाटली होती. मागणी ५० लाखांपर्यंतची हवी. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. आणि तोच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी लोकपाल, नंतर लागलंच तर ग्राहक आयोग. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर आयोगाचा मार्ग उघडाच राहतो. तिथे मात्र दोन वर्षांच्या मुदतीकडे लक्ष ठेवावं लागतं.

अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा स्पीड पोस्टाने. तक्रारीचं पत्र, कंपनीचा नकार, पॉलिसी आणि प्रपोजल फॉर्मच्या प्रती जोडायच्या. मग कार्यालयाकडून काही फॉर्म भरून मागतात. त्यांत एक असतो लोकपालांनी मध्यस्थी करायला तुमची संमती देणारा. तो बाजूला ठेवू नका; तो गेला नाही तर फाइल तिथेच थांबते. सगळे कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो.

सुनावणी बहुधा व्हिडिओवर होते. दहा-पंधरा मिनिटं मिळतात. आम्ही मावशीची तयारी करून घेतली ती परीक्षेच्या तोंडी उत्तरांसारखी. एक प्रश्न हमखास येणार होता: फ्री-लूकमध्ये का नाही कळवलंत? या प्रश्नावर पुष्कळ तक्रारी आपटतात. खरं उत्तर असेल तेच द्यायचं, पण कागदाला धरून. पाकीट घरी आलं होतं, हे मावशीने कबूल करायचं ठरवलं; तिला वाटलं एफडीचेच कागद आहेत, कारण शाखेत ती एफडीच रिन्यू करायला गेली होती, म्हणून तिने ते फोडलं नाही. ज्यांना पाकीट मिळालंच नाही त्यांनी कंपनीकडे टपालाचा क्रमांक आणि कुणी सही करून घेतलं त्याची नोंद मागावी.

सुनावणीच्या आधी कंपनीकडून एक फोन येण्याची शक्यता असते, आणि त्याची तयारी कुणी करत नाही. मावशीलाही आला. आवाज फार गोड होता. "मॅडम, तुमची पॉलिसी आपण एकाच हप्त्याच्या पॉलिसीत बदलून देऊ, पुढचे हप्ते नाहीत, वाद संपला." कधी लोकपालही असा मधला मार्ग काढतात, आणि ज्याचे पैसे पाच-सहा वर्षं गुंतले तरी अडत नाही त्याला तो चालूनही जाईल. पण घाईने हो म्हणू नका. मुदत किती, मध्ये पैसे काढता येतील का, शेवटी मिळणार किती, हे ईमेलवर लेखी मागा आणि चार दिवस विचार करा. मावशीने विचारलं, "मुदत किती?" "फक्त दहा वर्षं, मॅडम." ती म्हणाली, "माझं वय तुमच्या कागदावर बघा. निदान ते तरी बरोबर लिहिलंय." आणि फोन ठेवला.

सुनावणीच्या आठवडाभर आधी कंपनीने लोकपाल कार्यालयाला कळवलं की पॉलिसी रद्द करून हप्ता परत करायला आम्ही तयार आहोत. असं बऱ्याचदा होतं. फॉर्ममधलं उत्पन्न आणि पेन्शनचं पासबुक शेजारी-शेजारी ठेवून लोकपालांसमोर बोलणं कंपनीच्या अधिकाऱ्यालाही सोपं नसतं. निवाडा झाला असता तरी कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागला असता. उशीर केला तर दिवसाला ५ हजार रुपयांचा दंड आहे. तडजोडीच्या पत्रावर सही करण्याआधी आम्ही रक्कम, तारीख आणि "सुरुवातीपासून रद्द" हे शब्द तपासले. रद्द केलेला चेक आणि पासबुकाचं पहिलं पान पाठवलं.

एकोणिसाव्या दिवशी मावशीने पासबुकात एंट्री मारून घेतली. पूर्ण एक लाख. वर्षभराहून जास्त काळाचं व्याज गेलं, त्याचा तिला अजून राग आहे, आणि तो रास्त आहे. त्याच दिवशी ती पोस्टात गेली आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ते पैसे टाकले, ८.२ टक्क्यांनी. फॉर्म तिने स्वतः भरला, व्यवसायाच्या रकान्यात "निवृत्त शिक्षिका" लिहिलं, आणि खिडकीतल्या बाईंना तो मोठ्याने वाचून दाखवायला लावला. आता दर तीन महिन्यांनी तिच्या खात्यात २,०५० रुपये जमा होतात.